मरणाची मालिका परत आली

मंडळी, आज दुपारी टौरंगा शहरात राहणाऱ्या लेकीचा मेसेज आला, "बाबा, युअर डेथ शो इज बॅक!"

चित्रविचित्र मरणांवरची ती विनोदी मालिका आठवते का कुणाला? मला आणि माझ्या बायकोला, मेधाला, तिचं वेड होतं. आमचा नियम ठरलेला. माणूस मरायच्या आधी पॉज करायचं, तो कसा मरणार ते दोघांनी सांगायचं आणि जो चुकेल त्याने चहा करायचा. मेधा क्वचितच चुकायची. "अरे, ती शिडी बघ ना नीट," म्हणायची आणि पाय पसरून चहाची वाट बघायची.

चॅनेलने मालिका बंद केली तेव्हा तिने त्यांना रागारागाने ईमेल लिहिला होता. उत्तर आलं नाही. दोन वर्षांपूर्वी मेधा गेली, साध्या न्यूमोनियाने. "माझ्यावर काही एपिसोड निघणार नाही रे," असं हॉस्पिटलमध्ये हसत म्हणाली होती.

आज इथे अवोन्डेलच्या आमच्या घरात एकट्याने नवा एपिसोड लावला. एक माणूस चक्क उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिनवर बार्बेक्यूची शेगडी मांडत होता. सवयीने पॉज केलं आणि मोठ्याने म्हणालो, "गॅसचा सिलिंडर!" मग सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघत उगाच थांबून राहिलो.

शेवटी प्ले केलं. सिलिंडरच निघाला.

तुमच्या घरीही असे दोघांचे नियम असतील. एकच जण उरल्यावर ते पाळायचे कसे, सांगाल का? कारण आज मी बरोबर ओळखलं, आणि तरीही चहा मलाच करावा लागला.