तिन्ही सूर्य एकदम

गल्लीच्या तोंडाशी पश्चिमेकडे दार असलेलं सलून, आणि त्यात उन्हं कलली की बिघडणारा न्हावी. एक गाल झाला की तो गिऱ्हाइकाला तसाच, फेसासकट, दारात नेऊन उभा करायचा आणि सूर्याभोवती रंगीत कडं दिसतंय का विचारायचा. नाही म्हटलं की याचं तोंड उतरे. मन राखायला कोणी हो म्हटलं, तर त्याची चंपी फुकट. मग काय, गल्लीत हो म्हणणारे वाढले. म्हातारपणी आभाळाचं वेड लागलं म्हणे. बायकांनी तर थेट समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारीचं नाव घेतलं.

वेड कसलं? तेच कडं त्याला घरच्या दिव्याभोवतीही दिसत होतं. तिथे विचारायची सोय नव्हती. बायकोने लगेच ओळखलं असतं. कडं आभाळातलं निघावं, डोळ्यांतलं निघू नये, एवढ्यासाठी तो संध्याकाळची वाट बघायचा. डॉक्टरकडे जायला पाय उचलत नव्हता. पोट वस्तऱ्यावर, आणि वस्तरा डोळ्यांवर.

त्या दिवशी खुर्चीत मेहुणा होता, शेजारचा सायकलवाला. बाहेर गलका झाला तसा तोच अर्ध्या दाढीनिशी बाहेर पळाला.

"भावोजी, या लवकर. तुमच्या कड्याचा बाप आलाय."

विरळ ढगांत सूर्य टेकलेला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक छोटा सूर्य. सगळी गल्ली बघत उभी. न्हाव्याला मधलाच दिसला, नेहमीच्या कड्यासकट. मान डावीकडे नेली तेव्हा एक सापडला. उजवीकडे नेली तेव्हा दुसरा, पण तोवर पहिला गेला. तो मान फिरवतच राहिला. पंखा झालाय याचा, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"तुला तिन्ही एकदम दिसतात?" त्याने मेहुण्याला हळूच विचारलं.

"म्हणजे काय? समोर तर आहेत." मेहुण्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "तुम्हाला?"

न्हावी आत वळला. मेहुणा पुन्हा खुर्चीत बसला. वस्तरा गालाशी नेला तर कान दिसेना. कान बघावा तर गाल नाहीसा. गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांच्या कानाला वस्तरा लागला होता आणि दोघांनाही हलल्याबद्दल यानेच झापलं होतं. त्याने वस्तरा मिटून मेहुण्याच्या हातात दिला.

"उरलेली घरी कर. आणि तुझ्या ताईला तूच सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही."

मेहुणा फेसासकट नुसता बसून राहिला. पुढचं गिऱ्हाईक दारातून डोकावलं, आता आपलाच नंबर ना म्हणालं. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून न्हावी उभा होता.