पुसलेले दोन कॉलम

दिवाळीच्या आधी ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरची सी ड्राइव्ह भरली. लाल पट्टी आली आणि नकाशा सेव्ह होईना. आमचं लातूरचं ऑफिस म्हणजे एक इंजिनिअर सर, नकाशे काढणारी मी आणि ते मोठ्या कागदावर छापणारा एक म्हातारा प्लॉटर. नकाशाचं सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी गुपचूप एक तात्पुरती प्रत ठेवून देतं. काम नीट बंद केलं तर ती जाते, मध्येच लाइट गेली तर राहते. आमचा यूपीएस नावालाच, त्यामुळे टेम्प फोल्डरात अशा शेकडो फाइली साचल्या होत्या, नकाशाच्या नावापुढे आकड्यांचं शेपूट लावलेल्या.

मला पसारा खपत नाही. सगळ्या एकदम उडवणार, तेवढ्यात एका नावापाशी हात थांबला. तो मुलींच्या हॉस्टेलचा नकाशा होता. क्लासेसच्या भागातली ती चार मजली इमारत माझ्या नकाशावरून उभी राहिली, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर जूनपासून माझी भाची राहत होती. नांदेडजवळच्या उमरीच्या अक्काची मुलगी, बारावीच्या क्लाससाठी आलेली. माझ्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं, म्हणून ती तिथे.

फाइल उघडली. तळमजल्यावरच्या पार्किंगच्या मधोमध दोन कॉलम होते. बांधलेल्या इमारतीत ते नाहीत. मी विसरून गेले होते असं लिहायला बरं वाटलं असतं, पण विसरले नव्हते. त्या कॉलममुळे पार्किंगमध्ये मालकाची गाडी वळणार नव्हती. सर म्हणाले, ते दोन काढ, वरचा बीम मोठा करून घेऊ. मी काढले. दोन क्लिक आणि एक बटण. बीमचं पुढे कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर मला घरी जायची घाई होती.

सरांना हाक मारून दाखवलं. ते कधी कुणाच्या खुर्चीमागे उभे राहत नाहीत, केबिनमधूनच ओरडतात. त्या दिवशी उभे राहिले.

"जुनं कशाला जपायचं? सगळं साफ कर," ते म्हणाले. "रीसायकल बिनसुद्धा."

बिन रिकामी होईपर्यंत ते हलले नाहीत. लाल पट्टी निळी झाली. मला भीती वाटली ती सरांची नाही. माझा हात किती सहज चालला, त्याची वाटली. मूग गिळून मी पुढचा नकाशा उघडला.

त्यानंतर मी भाचीला डबा द्यायच्या निमित्ताने जायला लागले. पार्किंगमध्ये उभी राहून वर बघायचे. बीमखालच्या प्लास्टरला केसाएवढी भेग होती. प्लास्टरला भेगा पडतातच, मी स्वतःला समजावलं. पुढच्या खेपेला ती पुट्टीने भरलेली दिसली. त्याच्या पुढच्या खेपेला पुट्टीतूनच पुन्हा उघडली होती. मी डबा देऊन परत आले.

मग एका सकाळी अक्काचा फोन आला. नांदेडकडे अधूनमधून जमीन हलते, तशी हलली होती.

"मांडणीवरचे भांडे हालले बघ," ती म्हणाली. "लई वेळ न्हाई. बरं झालं पोरगी तिकडं हाय. नवी बिल्डिंग, त्यात तुझ्या हातचा नकाशा."

मी तिला सगळं सांगितलं. कॉलम, बीम, भेग, पुसलेली फाइल.

"आत्ता जा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता तिला बाहेर काढ."

मी ऑटो करून गेले. हॉस्टेलच्या मॅडमना सांगितलं की पार्किंगमधले दोन कॉलम कमी आहेत, मुलींना इथे ठेवू नका. त्यांनी शांतपणे विचारलं, काही कागद आहे का? कागद नव्हता. मंजूर नकाशात ते कॉलम नव्हतेच, आणि त्या नकाशावर आमच्याच ऑफिसचा शिक्का होता. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच काढलाय की नकाशा. मला लाज वाटली आणि तरीही मी तशीच उभी राहिले. शेवटी पोरीला घरी न्यायचं असेल तर न्या, असं त्यांनी सांगितलं.

भाची बॅग घेऊन खाली आली. तिच्या खोलीतल्या तिघी तिची गादी, बादली, पुस्तकांचं खोकं घेऊन मागोमाग आल्या. त्या पार्किंगच्या मधोमध थांबून काहीतरी बोलत हसत होत्या. भाचीला बाजूला घेऊन मी हळू आवाजात कारण सांगितलं. तिने वर पाहिलं, मग त्या तिघींकडे पाहिलं.

"मावशी, मग ह्यांनी इथंच राहायचं?"

एका मुलीने बादली ऑटोत ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला. तिची अभ्यासाची वेळ झाली होती. मी तिला म्हटलं, जा बाळा, वर जा.