हजामतीला लाल कार्ड

मी मेसमध्ये पोचलो तेव्हा शिंद्यांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधून झाला होता आणि फोरमन कदमच्या हातात केस कापायचं मशीन होतं. भोवती चाळीसेक माणसं. निम्म्यांचे मोबाइल शूटिंगला तयार.

कतारमध्ये दुखानजवळच्या एका साइटवर मी सेफ्टी ऑफिसर आहे. त्या दिवशी सकाळी क्लायंटने आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला घालवलं. दुपारी त्याची गाडी गेटबाहेर पडली आणि कॅम्पमध्ये दिवाळीच आली. पाण्याच्या रिकाम्या जारचे ढोल झाले. स्वयंपाक्याने कुणी न सांगता शिरा केला. मीही दोन वाट्या हाणल्या. कतारला आल्यापासून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

कारण साधं होतं. इथे उन्हाळ्यात साइटवर एक मीटर लावतात. ऊन, वारा, दमटपणा मिळून तो एक आकडा दाखवतो. आकडा मर्यादेवर गेला की काम बंद, सगळे सावलीत. हे आमच्या मॅनेजरला पसंत नव्हतं. कुणी आपणहून सावलीत गेलं की टाइमकीपर शिंदे त्याचं नाव केबिनमध्ये पोचवायचे आणि त्या माणसाची रजा अडायची. कदमची दोनदा अडली. त्यात त्याच्या मुलाचं बारसं हुकलं. शिंद्यांची रजा मात्र वेळेवर मंजूर झाली होती. शनिवारी ते बीडला निघणार होते, मुलीच्या लग्नाला.

आणि आता त्यांचं मुंडण होणार होतं, मिशीसकट. आपल्याकडे मिशी-डोकं उतरवलेला माणूस दिसला की लोक आधी विचारतात, घरात कोण गेलं? असा बाप कन्यादानाला उभा राहणार, आणि व्हिडिओ त्याच्या आधी गावात पोचणार. शिंदे हात मांडीवर घट्ट धरून बसले होते.

मला ते बघवेना, ते निव्वळ दयेने नव्हे. मीटरचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. आकडा वर गेला की मॅनेजर म्हणायचा, थोडा खाली लिही. मी लिहायचो. एकदा नव्हे, उन्हाळाभर.

हात सवयीने खिशात गेला आणि मी लाल कार्ड वर धरलं. हे स्टॉप-वर्क कार्ड. धोका दिसला की कुणीही दाखवावं, सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवायची. कार्ड दाखवणारा आणि फोरमन, दोघांची सही होईपर्यंत काम पुन्हा सुरू होत नाही. रोज सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या पाच मिनिटांच्या सभेत, मी हे घोकून घेतो. कदमने मशीन टेबलावर ठेवलं. मागची माणसं दोन पावलं सरकली. मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

"साहेब, ही काय साइट हाय व्हय?"

"मशीन चालू आहे, माणूस खाली बसलाय. कार्ड भरावं लागेल."

कुणीतरी फिसकन हसलं. मी बसून कार्ड भरलं. धोक्याच्या रकान्यात लिहिलं, शनिवारी मुलीच्या लग्नाला निघालेला बाप. जबाबदार कोण, तिथे पेन अडलं. मग स्वतःचं नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"शिंद्यांनी नावं दिली हे खरंच," मी म्हणालो. "पण मीटर जास्त दाखवत असताना कमी मी लिहिलं. तुम्ही सावलीत जाणं हा गुन्हा झाला तो माझ्या सहीने."

कदमने माझ्याकडे पाहिलं, मग शिंद्यांकडे.

"मग तुमी बसा खुर्चीत."

मी बसलो. शिंद्यांनी स्वतःच्या गळ्यातला टॉवेल सोडून माझ्या गळ्यात बांधला. बांधता बांधता ते कदमला म्हणाले, "तुज्या पोराचं बारसं माज्यामुळं हुकलं. साताऱ्याला जाऊन त्याला बघून येतो. काय द्यायचं आसंल ते दे."

कार्डावर मी आणि कदमने सह्या केल्या. मशीन सुरू झालं तसे जारही वाजू लागले. मिशी कदमने स्वतःहून सोडली. शिंद्यांना शिक्षा ठरली ती अशी की त्यांच्या बॅगा कॅम्पने भरायच्या. रजेवर जाणाऱ्याकडे सामान देतातच, पण हे फार झालं. खजूर, परफ्यूम, खेळणी, कदमच्या मुलाचे कपडे. शनिवारी ते विमानतळावर गेले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मालकीचा त्यात फक्त एक लग्नाचा फेटा होता. बीडहून सातारा गाठून त्यांनी कदमला मुलाचा फोटो पाठवला. कदमने तो साइटवर मलासुद्धा तीनदा दाखवला.

रजिस्टर मी दुसऱ्याच दिवशी क्लायंटच्या माणसापुढे ठेवलं. वॉर्निंग लेटर मिळालं, नोकरी राहिली.

पण मुंडणाच्या संध्याकाळी अल अझीझियाला घरी गेलो तेव्हा बायकोने दार उघडलं आणि कोण गेलं म्हणून तिथेच बसली. मुलगी म्हणाली, "बाबा, यू लुक सो क्लीन." नाशिकला वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. ते माझ्या डोक्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "अरे, मी अजून आहे."

तात्पर्य काय, तर सेफ्टी ऑफिसरने उन्हाळ्यात टक्कल ठेवावं. मीटरच्या आधी तेच तापतं. कदम आता रोज दहाच्या सुमाराला माझ्या डोक्याकडे बघून विचारतो, "साहेब, काय म्हणतंय?" मी हेल्मेट काढून हात लावून बघतो, मग मीटर बघतो, दिसतो तो आकडा लिहितो, आणि आम्ही सगळे सावलीत जातो.