गच्चीवरच्या खोलीतले कोळी

जुळे सोलापुरातल्या एका इमारतीच्या गच्चीवरची खोली मी उघडली, तो क्षण आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. पण त्या दुपारी बसला तसा धक्का पुन्हा कधी बसला नाही. त्या प्रकरणातली माणसं अजून याच शहरात राहतात, म्हणून नावं देत नाही.

उन्हाळा होता. मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून टपाल बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने दवाखान्यातून आलेली खबर पुढे ठेवली. पाच वर्षांची मुलगी, दोन्ही डोळ्यांना इजा, तिखट टाकल्याचा संशय. पाठोपाठ मुलीचे आईवडील आले. वडील सरकारी कचेरीत नोकरीला आणि इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. नीटनेटका, शांत माणूस. बोलली ती आईच. वरच्या मजल्यावर साठीच्या आसपासची एक विधवा बाई राहायची. चटणी आणि कडक भाकरी करून विकायची. सेक्रेटरींनी तिला गच्चीत मिरच्या वाळवायला बंदी केल्यापासून भांडण धुमसत होतं. रविवारी दुपारी मुलगी जिन्यात खेळत होती. संध्याकाळी तिचे डोळे लाल झाले आणि मंगळवारी उघडेनात.

"तिनंच टाकलंय, साहेब. आमचं दुसऱ्या कुणाशी वाकडं नाही," आई म्हणाली. वडिलांनी फिर्याद वाचली आणि मुकाट्याने सही केली.

इथे माझी पहिली चूक झाली. बाईची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते. मी जीप पाठवून तिला ठाण्यात आणवलं. ती मूळची कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीची, माहेरची भाषा कानडी. सगळे तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणत.

"अव्वा, खरं सांगा. रागाच्या भरात हात गेला असेल."

"सायेब, लेकराच्या डोळ्यात तिखट कोण टाकंल? मला बी नातवंडं हायती की."

"मग गच्चीवरून भांडण कसलं?"

"वर टाकीजवळ एक खोली हाय. तिला ह्या शेक्रेटरीनं कुलूप घातलंय. आत माणूस न्हाय अन् कूलर चालतोय. भर दुपारी रातकिडं वरडत्यात तितं. मी इचारलं, तर मला गच्चीच बंद केली."

मला वाटलं, बाई विषय बदलते आहे. मी जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला सांगितलं, "हे नको. प्रकरणाला धरून असेल तेवढंच लिहा." तिला तीन तास बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, आवाज चढवला. ती रडली नाही. जाताना मात्र दोन्ही दिवस तिने हवालदाराला विचारलं, "पोरीचा डोळा कसा हाय?"

तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. "साहेब, हे तिखट नाही. यंत्राखाली नीट पाहिलं. बुबुळावर बारीक केस रुतलेत, त्यांना उलटे काटे आहेत. केसाळ अळीचे असतात तसे. आवारात तसलं काही आहे का बघा, आणि लवकर बघा. हे केस आत सरकत जातात."

मी महिला हवालदार आणि दोन पंच घेऊन निघालो. आवारातली झाडं, कुंड्या पाहिल्या. अळी कुठे दिसली नाही. शेवटी गच्चीवर गेलो. ऊन रणरणत होतं आणि टाकीजवळच्या बंद खोलीतून रातकिड्यांची किरकिर स्पष्ट ऐकू येत होती. मी जागीच थांबलो. अव्वाने सांगितलेली ही एकच गोष्ट जबाबात नव्हती, कारण ती मीच लिहू दिली नव्हती.

सेक्रेटरींना कचेरीतून बोलावलं.

"लिफ्टचं जुनं सामान आहे, साहेब. फार धूळ आहे."

"असू दे. उघडा."

त्यांनी किल्ली काढली, पण कुलूप उघडायला पुढे होईनात. मी ती घेतली आणि दार उघडलं.

आत गारवा होता, ओल्या मातीचा वास होता. तिन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या आणि त्यांवर भोकं पाडलेले प्लास्टिकचे पारदर्शक डबे, शंभरावर असतील. मला आधी अमली पदार्थांचा संशय आला. एक डबा उचलून उजेडात धरला, तेव्हा आतली माती हलली. तळहाताएवढा केसाळ कोळी पुढचे पाय उंच करून माझ्या बोटांच्या दिशेने उभा राहिला. डबा हातातून सुटताना वाचला. मग लक्षात आलं की प्रत्येक डब्यात एकेक आहे. बारक्या शिश्यांमध्ये नखाएवढी पिल्लं होती. एक मादी अंड्यांचा पांढरा गोळा पोटाशी धरून बसली होती. कोपऱ्यातल्या टोपल्यात त्यांचं खाद्य, म्हणजे रातकिडे. प्रत्येक डब्यावर जात, नर की मादी, कात कधी टाकली, याची सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. एक पंच बाहेर जाऊन कठड्याला धरून उभा राहिला.

"टॅरंटुला म्हणतात यांना," सेक्रेटरी मागून म्हणाले. "सात वर्षं पाळतोय. ही सगळी पिल्लं मी इथं वाढवलीत." त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, परदेशी जातीचे काही टॅरंटुला बिथरले की पाठीमागचे केस पायांनी झाडतात. तेच असणार. आता उपचारांची दिशा ठरली.

ठाण्यात मी सेक्रेटरींना समोर बसवलं. फार विचारावं लागलं नाही. रविवारी डबा साफ करताना एका मादीने केस झाडले. त्यांनी रुमालाने हात आणि कपडे पुसले. खाली आले तर मुलगी आइस्क्रीम खात होती. त्यांनी त्याच रुमालाने तिचं तोंड पुसलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. डोळे बघितले आणि कळलं."

"डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"बायकोला या खोलीतलं काही माहीत नाही. ती घर सोडून गेली असती."

"आणि अव्वावरच्या फिर्यादीवर सही?"

"नाव बायकोनं घेतलं होतं, साहेब. मला फक्त गप्प बसायचं होतं."

या माणसाने मुलीला मुद्दाम इजा केली नव्हती. तिच्यावर त्याचा जीव होता. तरी चार दिवस ती कळवळत असताना तो तिच्या उशाशी बसून गप्प राहिला होता.

कोळी वन विभागाच्या ताब्यात गेले. सेक्रेटरींवर खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा दाखल झाला. डॉक्टरांनी तीन-चार वेळा बसवून चिमट्याने केस काढले. उजवा डोळा स्वच्छ झाला, डाव्यात एक पुसट डाग राहिला. मुलीची आई तिला घेऊन माहेरी गेली.

आठवड्याने मी साध्या कपड्यांत अव्वाकडे माफी मागायला गेलो. तिने पाणी दिलं. आधी मुलीचं विचारलं, मग म्हणाली, "सायेब, तुमी आलाव, बरं वाटलं. पर मला न्यायला जीप आली ती समद्या बिल्डिंगीनं बघितली. आता तुमी असं गुपचूप आलाव, हे कुणी बघितलं? माझी चटणी आजून कोण घेत न्हाई हितं."

नळाला पाणी येण्याच्या दिवशी, सगळी बिऱ्हाडं भांडी घेऊन खाली नळावर असताना, वर्दी घालून, जीप घेऊन पुन्हा गेलो. अव्वाला खाली बोलावलं, टोपी काढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या बाईंचा काही दोष नव्हता, चूक माझी होती. नळ तसाच वाहत राहिला. मग एका म्हातारीने हातातली घागर खाली ठेवली आणि अव्वाला विचारलं, "शेंगाची चटणी हाय का गं घरात?"

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक नियम पाळला. ज्याला चारचौघांत ठाण्यात आणलं आणि तो निर्दोष निघाला, त्याला घरी सोडायला मी स्वतः गेलो. वर्दीत आणि दिवसाउजेडी.