अल्फिया फाडफाड वाचते

शाळेत इंग्रजी कोण चांगलं वाचतं, असं कुणी विचारलं की मी डोळे मिटून एकच नाव सांगायची, अल्फिया. कासारवाडी स्टेशनजवळ शफीभाईंचं दुचाकीचं गॅरेज आहे, त्यांची ही थोरली. दहावीत, मराठी माध्यमाची. धडा असो नाहीतर कविता, उभी राहिली की न अडखळता वाचणार, थांबायचं तिथे बरोब्बर थांबणार. पंक्चर काढायला आलेल्यालाही शफीभाई सांगायचे, "पोरगी इंग्रजी फाडफाड वाचते. इंग्रजीची मॅडम होणार." तिनेही ते मनाशी पक्कं धरलं होतं. आणि मी? हिला मी घडवली म्हणून स्टाफरूममध्ये मिरवत होते. बावीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, थोडा माज असणारच.

डिसेंबरात निगडीला आंतरशालेय वाचन स्पर्धा होती. शफीभाई गॅरेज बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर आले. पहिल्या फेरीत अल्फियाने पाठ्यपुस्तकातली कविता अशी वाचली की परीक्षक मान डोलवायला लागले. दुसऱ्या फेरीत तिच्या हातात एक छापील कागद दिला. कुत्र्याच्या पिल्लाचा साधा उतारा, पाचवीच्या पोरांनी वाचावा असा. नवीन उतारा असतो हे मला माहीत होतं, पण त्याची मला काडीची काळजी नव्हती.

ती कागदाकडे बघत उभी राहिली. परीक्षक म्हणाले, "कर बेटा सुरुवात." तिने 'द' म्हटलं. पुढे काहीच नाही. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. शेवटी तिने कागद टेबलावर ठेवला आणि खाली उतरली.

व्हरांड्यात गाठून मी तिच्यावर खेकसलेच, "काय नाटक लावलंयस गं?" तिने दप्तरातून इंग्रजीचं पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. मी ते उघडलं. प्रत्येक ओळीच्या वर, पेन्सिलीने, तीच ओळ मराठी अक्षरांत लिहिलेली. सगळे धडे, सगळ्या कविता. थांबायचं तिथे बारीक रेघ.

"हे कधीपासून?"

"आठवीपासून. इन्स्पेक्शनला साहेब येणार होते तेव्हा तुम्हीच म्हणालात ना मॅडम, वर मराठीत लिहून घ्या, म्हणजे अडणार नाही. मग तुम्ही वर्गात वाचता तेव्हा मी लिहूनच घेते."

"आणि पेपर कसा लिहितेस?"

"प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा. तसाच दिसला की ती ओळ उतरवून काढायची. कवितेचं रसग्रहण चित्रासारखं गिरवून गिरवून पाठ केलंय."

आणि त्या उत्तरांवर मी तीन वर्षं लाल पेनाने 'छान' लिहीत आले होते. मला शरम वाटली. पण खरं सांगते, शरमेपेक्षा धडकी जास्त भरली. वर्गात एक्केचाळीस पुस्तकं आहेत, त्यातलं एकही मी कधी हातात घेऊन बघितलं नव्हतं. बोर्डाच्या परीक्षेला जेमतेम अडीच महिने उरले होते.

परतीच्या बसमध्ये शफीभाई पुढच्या सीटवरून मागे वळले. "घाबरली ना पोरगी, मॅडम? एवढी माणसं समोर, सवय नाही तिला."

"हो, घाबरली," मी म्हणाले. तोंड वर करून म्हणाले, लाज नाही वाटली मला.

अल्फियाने माझ्याकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाली, "अब्बा, मी घाबरले नव्हते. मला इंग्रजी वाचताच येत नाही."

शफीभाई हसायला लागले. "चल, काहीतरीच. साक्षात मॅडमनी शिकवलंय तुला."