अन् तुला कशाचं पथ्य?

अक्का गेल्याचा फोन बालाजीने केला, तोही माती देऊन झाल्यावर. "ताई, तू सुरतेहून निघणार कधी अन् पोचणार कधी? म्हणून म्हटलं, सगळं आवरल्यावर सांगावं." माझा सख्खा भाऊ. अक्कांनी एकेकाळी मांडीवर घेऊन घास भरवला म्हणून आज देगलूरला टेम्पो चालवतो, पोट सुटलंय म्हणून कुरकुरतो, आणि मला आवरल्यावर सांगतो! मी फोन ठेवला. इतके आठवडे झाले, राग उतरत नाही. नुसता त्याच्यावरचा असता तर उतरलाही असता...

दिवाळीनंतर मी रेणापूरला जाऊन आले होते. अक्का नात्यानं आमच्या कुणी नव्हत्या. नवरा वारल्यापासून तिथं माहेरीच राहायच्या. खाली पुतण्याचं, शिवानंदचं, किराणा दुकान, वर त्यांची खोली. जिना चढताना दोन्ही बाजूंना तूरडाळीची, शेंगदाण्याची पोती रचलेली, अंग चोरून वर जावं लागलं. अक्का बाजेवर. गळ्यातलं इष्टलिंग छातीच्या हाडांवर टेकलेलं दिसत होतं, एवढ्या वाळल्या होत्या. उशाशी वाटीत साबुदाण्याची पेज, वर साय धरलेली.

"हे काय, अक्का?"

"पथ्य हाय म्हणे मला." हसल्या. "खाली पोत्यावर पोतं लागलंय, अन् वर मला पथ्य!"

"डॉक्टर काय म्हणाला?"

"हलकं द्या म्हणाला. आमच्या शिवानंदानं त्याचं पाणी केलं."

शिवानंदची बायको शिवलीला दारात उभी होती. मी भाकरी मागितली तशी घाबरली. "ताई, ह्यांनी बजावून ठेवलंय. आत्याबाईंना काही झालं तर माझ्यावर यील." मी ऐकलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ज्वारीची भाकरी वरणात कुस्करली, पार मऊ केली, आणि घास घास भरवली. अक्कांनी अर्धी वाटी खाल्ली, वर "मीठ कमी हाय" म्हणाल्या. तेव्हा जिवाला बरं वाटलं. पण माझी रजा किती? साड्यांना टिकल्या लावायच्या कारखान्यात मी कामाला, जास्त राहिले तर जागी दुसरी बसते. निघताना शिवलीलाला चार वेळा सांगितलं, अशीच देत जा. ती मान हलवत राहिली. देणार नाही, हे मला गाडीत बसतानाच कळत होतं.

हे मी लिहितेय ते छापून आलं तर त्या घरचे वाचतील, दुखावतील, या भीतीनं हात आखडतो. पण हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असतं तर मी एवढी पेटले नसते. अक्कांच्या वाट्याला आलं!

अक्कांची ओळख झाली तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या पाट्या, नवे साहेब, नव्या जीपा. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात मात्र विहिरीच्या तळाला भेगा पडलेल्या. वडील नव्हते. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची आणि बालाजी माझ्या कडेवर. त्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून माझी शाळा सहावीत सुटली. त्या उन्हाळ्यात त्याला हगवण लागली, मान टाकायला लागला, आणि नेमका तेव्हाच सर्वे आला. लहान लेकरं आजारी पडल्यावर त्यांना काय खाऊ घालता, हे सांभाळणाऱ्यांना विचारायचं होतं. अक्का मॅट्रिक झालेल्या, त्या विचारायच्या कामावर होत्या. सोबत जीपमधले साहेब.

"आई कुठंय?" साहेब म्हणाले. मी म्हणाले, कामावर. "मग घर बंद लिहा, बाई. चला पुढे."

"साहेब, दार उघडं हाय, पोरगी दारात हाय, लेकरू तिच्या कडेवर हाय. कुलूप तेवढं दाखवा, लगेच लिहिते."

"आईलाच विचारायचं असतं."

"आई दिवसभर खडीवर. लेकरू दिवसभर हिच्या कडेवर. मी हिलाच विचारणार." आणि उंबऱ्यावर बसल्याच. साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

"काल यानं काय खाल्लं गं?"

"काही न्हाई. पथ्य हाय."

जुलाब लागले की लेकराचं खाणं तोडायचं, ही रीत गावात होतीच. पण त्या साली ती रीत फार कामाला आली. घरात काही न्हाई म्हणायला जीभ जड व्हायची, पथ्य म्हणायला होत नव्हती. घरोघर हेच उत्तर. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं.

"अन् तू काय खाल्लीस?"

मी गप्प.

"तुला कशाचं पथ्य हाय गं?"

...मी रडले नाही. रागच आला होता, कशाला विचारलं म्हणून. त्यांनी स्वतःची शिदोरी सोडली, शेजारून वाटीभर ताक मागून आणलं, भाकरी कुस्करली. बालाजीला मांडीवर घेतलं आणि पहिली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. "आधी तू खा. तूच उपाशी, त्याला काय भरवशील?" जीपचा हॉर्न वाजत राहिला. अक्का उठल्या नाहीत. नंतरही त्या येत राहिल्या, आपल्या माहेरच्या दुकानातून पीठ घेऊन, बालाजी धरून उभा राहीपर्यंत.

पुढं लातूरला बैठक झाली, ती हकिकत अक्कांनीच सांगितली. निष्कर्ष काय, तर इकडच्या आया अडाणी, आजारात लेकरांना उपाशी ठेवतात. अक्का उठून म्हणाल्या, "ठेवतात, का राहतात? घरात काय शिजलं ते कोणी विचारलं का?" छापील फॉर्मात त्या प्रश्नाला जागा नव्हती, म्हणे. पुढच्या कामाला अक्कांना बोलावलं नाही. मग आमच्या शाळेच्या भिंतीवर चित्र आलं, फाटक्या लुगड्यातली आई आणि तिच्याकडं रोखलेलं बोट. माझी माय खडी फोडून रोज त्याच भिंतीसमोरून घरी यायची. ते बोट मी अजून विसरले नाही, विसरणारही नाही.

मला शिवणकाम शिकवलं अक्कांनी, लग्नात उभ्या राहिल्या अक्का. आणि अशी बाई भरल्या दुकानाच्या माडीवर पेजेच्या पाण्यावर गेली.

परवा न राहवून रेणापूरला फोन लावला. काय काय बोलायचं ते कारखान्यात टिकल्या लावता लावता मनात घोकून ठेवलं होतं. फोन शिवलीलानंच उचलला. "आत्याबाईंनी शेवटी काय खाल्लं?" मी विचारलं. ती म्हणाली, ह्यांची नजर चुकवून दोनदा वरण-भाकरी दिली, मग ह्यांनी बघितलं. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. पण आमच्या घरात कुणी आजारी पडलं की मी आधी त्याला विचारते, काय खाल्लंस, आणि मग जो उशाशी बसलाय त्याला. अक्कांची सवय, अंगात मुरलेली. तीच तोंडातून आली.

"अन् तू गं? तू काय खात होतीस तेव्हा?"

पलीकडं नुसता पंख्याचा आवाज. ते गप्प राहणं उंबऱ्यावरच्या त्या दिवसापासून माझ्या ओळखीचं होतं.