उगवतीकडे तोंड केलेल्या प्लेटा

ती घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. माझी निवृत्ती जवळ आली होती. नेमणूक करमाळा तालुक्यात होती आणि चैत्राचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. एक बाई आमच्या पोलीस ठाण्यात आली. माळावरच्या तिच्या विहिरीवरून सोलरच्या प्लेटा, कंट्रोलरची पेटी आणि पाण्यातली मोटार, सगळंच चोरीला गेलं होतं.

"तितं विजेचा खांबच न्हाय, साहेब. डाळिंबाला फळं धरल्यात. पाणी तुटलं की गळत्याल," ती म्हणाली. "रडायला मागनं येते. आदी बाग वाचवा."

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. मला हे भंगार विकणाऱ्या टोळीचं काम वाटलं. पार चिंचोळी एमआयडीसीपर्यंत भंगाराची दुकानं पालथी घातली, पण हाती भोपळाच आला. बाई येऊन दारात उभी राहायची आणि काही न बोलता निघून जायची. भांडणाऱ्या फिर्यादीला समजावता येतं, गप्प फिर्यादीपुढे मात्र साहेबाचीही मान खाली जाते.

खबर मिळाली ती एका मेंढपाळाच्या रागातून. ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर तो आमच्या हवालदाराला तावातावाने सांगत होता, "पल्याडच्या गावात एकानं सोलर बसीवलंय. सकाळी पाणी धो धो, आन् दुपारी मेंढरं न्यावी तर नळी कोरडी! प्लेटा उगवतीकडं तोंड करून उभ्याच केल्यात की."

हवालदाराने ते मला सांगितलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. आमच्या भागात प्लेटांचं तोंड दक्षिणेला असतं. बसवणारे कारागीर दुसरीकडे करतच नाहीत. म्हणजे या प्लेटा कुणीतरी परस्पर उभ्या केल्या होत्या.

त्या माणसाला चौकशीसाठी आणलं. साधा शेतकरी, अंगावर धुतलेला सदरा. "कंपनीच्या माणसांनी बसीवलं," एवढंच तो घोकत होता. माझी पद्धत अशी की समोर चहा ठेवायचा आणि गप्प बसायचं. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही. हा मात्र बधला नाही. शेवटी मी विचारलं, "कंपनीवाले सगळ्यांची तोंडं दक्षिणेला करतात. तुझ्याच प्लेटांनी काय घोडं मारलं?"

"दक्षिण यमाची, साहेब. सूर्यनारायणाचं काम, त्याचं तोंड यमाकडं कसं करावं? म्या सोताच उगवतीकडं..." एवढं बोलून त्याने जीभ चावली. मग तोंड झाकून हमसून हमसून रडला.

"इकायला न्हाय नेलं, साहेब. बाजारावरनं येताना त्या हिरीवर पाणी प्यायला थांबलो. तार न्हाय, डिझेल न्हाय, उन्हानं पाणी वर येतंय! डोस्कंच फिरलं. माज्या हिरीला बी लई पाणी हाय, पर वर आणायला कायबी न्हाय."

प्लेटांच्या काचेआडचे नंबर फिर्यादीतल्या नंबरांशी जुळले. चोरी ती चोरी, अटक झाली. पण माल आता मुद्देमाल होता, ठाण्यात पडून राहिला असता तर तिकडे बाग वाळली असती. सरकारी वकिलांच्या मागे लागून न्यायालयाकडून ताब्याचा हुकूम मिळवला आणि बाईचा माल तिच्या विहिरीवर पोहोचवला.

जोडणी झाली तेव्हा मी तिथे होतो. बटण दाबलं. धडधड नाही, धूर नाही. थोडा वेळ काहीच झालं नाही आणि मग पाइपातून पाणी उसळलं. ऊन म्हणजे बंदोबस्तातला वैरी, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. तेच ऊन खोल विहिरीतलं थंडगार पाणी वर उचलून आणत होतं. मी थक्क होऊन पाहत राहिलो आणि नकळत हात जोडले. त्या माणसाचं डोकं का फिरलं, ते तेव्हा कळलं.

बाई ओंजळभर पाणी प्यायली. थोडी फळं गळाली होती, बाकीची शाबूत होती. मग तिने विचारलं, "त्येच्या हिरीला खरंच पाणी हाय, साहेब?"

"व्हय, पुष्कळ आहे."

"मग त्येला शिक्षा हू द्या. पर त्येच्या बायकूला माज्याकडं धाडा. सरकारी सोलरचा अर्ज कुटं करायचा, ते दावते."

मला वाटलं, आनंदाच्या भरात बोलली असेल. पण ती त्याच्या बायकोला बरोबर घेऊन खरोखरच कार्यालयात गेली आणि काम होईपर्यंत जात राहिली. खटला उभा राहिला, तेव्हा पिंजऱ्यातल्या त्याच माणसाकडे बोट दाखवून तिने साक्षही दिली, एक शब्द इकडचा तिकडे न करता. शिक्षा आणि माया यांतलं एकच काहीतरी माणसाच्या हातात असतं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या बाईने दोन्ही केलं.